पैशाचे धडे देणाऱ्यांची पूर्वतयारी

बँकेंतून, विमा कचेरींतून किंवा महाविद्यालयांतून आठवड्याचा एखादा तास काढून प्राथमिक शाळेंत पैशाच्या व्यवहाराचे पाठ देण्यास जाणारे स्वयंसेवक आज ठिकठिकाणीं दिसतात. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरींही असा एखादा उत्साही तरुण असेल. उद्योग चांगला आहे. मात्र चित्रांचा संच आणि भाषणाचें टांचण हातीं आलें कीं तयारी झाली, हा जो समज आहे, तो मला मान्य नाहीं. पैसा हा विषय भूगोलासारखा नव्हे. वर्गांतील प्रत्येक मूल तो घरूनच बरोबर घेऊन येतें. कांहीं मुलें तर त्याच्या अभावाचें ओझें घेऊन येतात.

अमेरिकेंत ही प्रथा जुनी आहे. तेथील 'ज्युनिअर अचीव्हमेंट' ही संस्था १९१९ सालीं स्थापन झाली. तिच्या वतीनें व्यापारउदीमांतील माणसें शाळांत जातात. प्राथमिक वर्गांसाठीं तिनें पाठांची जी आंखणी केली, तींत आधीं मूल स्वतः, मग कुटुंब, मग वस्ती, शहर आणि राष्ट्र असा क्रम ठेवला. हा क्रम घेण्याजोगा आहे. उदाहरणें मात्र आपलीं आपणच शोधलीं पाहिजेत.

पहिला पाठ बहुधा गरज आणि हौस यांतील भेदाचा असतो, आणि नवखा शिक्षक येथेंच अडखळतो. फळ्यावर दोन रकाने आंखून तो वस्तू भराभर त्यांत टाकूं लागतो: तांदूळ गरज, फुगा हौस. छत्रीचें काय? कोंकणांत आषाढांत ती गरज आहे, माघांत नाहीं. आणि दिवाळीचे नवे कपडे? तिसरीच्या एका वर्गांत मी मागें बसलों होतों. एका मुलीनें ते कपडे गरजेच्या रकान्यांत सांगितले. पाहुण्या बाईंनीं हंसून ते पुसले व हौसेखालीं लिहिले. ती मुलगी तास संपेपर्यंत पुन्हां बोलली नाहीं. वर्षांतून तिला नवे कपडे मिळत ते तेवढेच, असें वर्गशिक्षिकेकडून मागाहून कळलें. म्हणून तालमींत मी स्वयंसेवकांना मुलाचें उत्तर पुसण्याची बंदी करतों. 'कां?' असें विचारावें. एकच वस्तु दोन्ही रकान्यांत राहिली तरी कांहीं बिघडत नाहीं.

बचतीचा पाठ याहून नाजूक. वाचवणारा शहाणा आणि न वाचवणारा उधळा, हें सोपें वाक्य पाहुण्याच्या तोंडीं सहज येतें. तें ऐकणाऱ्यांत रोज संध्याकाळीं वीस रुपयांचें तेल आणणाऱ्या घरचें मूल असतें. असें थोडें थोडें घेतलेलें तेल डब्यापेक्षां महाग पडतें, हें त्या घरच्या बाईला आपल्याहून चांगलें ठाऊक असतें. डब्याइतकी रक्कम एकदम हातीं नसते, एवढेंच. त्या मुलानें घरीं जाऊन आईला उधळी ठरवलें, तर आपण काय शिकवलें? वडिलांची मिळकत, घरभाडें, कर्ज यांविषयीं वर्गांत एकही प्रश्न विचारूं नये. हिशेब कल्पित कुटुंबाचा मांडावा. सहा दिवसांची मजुरी, त्यांतला एक दिवस पावसानें बुडालेला. आतां कोणता खर्च पुढें ढकलावा? मुलांच्या सूचना कधीं कधीं थोरांच्याहून व्यवहारी असतात.

आणखी एक अडचण अगदीं आजची आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं. तत्पूर्वीं रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. त्या मोडीच्या हिशेबाला पावकी-निमकी पाठ असल्याचा मोठा उपयोग होई. पंचवीस पैशांचें व त्याखालचीं नाणींही ३० जून २०११ पासून चलनांतून गेलीं. २०१६ मध्यें 'यूपीआय' आलें. आजचें मूल दुकानांत पाहतें तें असें: आई मोबाईल पुढें धरते, दुकानांतली पेटी रक्कम मोठ्यानें उच्चारते, आणि बिस्किटांचा पुडा हातांत येतो. मोड नाहीं, वजाबाकी नाहीं. मोबाईलमधले पैसे संपतात, हें त्याला कळावें कसें? यासाठीं मी शंभर चौकटींचा कागद देववितों. वर्गांतल्या लुटुपुटीच्या दुकानांत जेवढ्या रुपयांची खरेदी, तेवढ्या चौकटींवर काट. चौकटी संपल्या कीं खरेदी बंद. सोबत दहाची खरी नोटही हातांत द्यावी; तिच्या मागील बाजूस पंधरा भाषांतील ओळींत मराठी ओळ शोधण्यांत मुलें हटकून रमतात.

नफ्याचा धडा शाळेच्या आनंद बाजारांत मिळतो. भेळेच्या पंधरा पुड्या दहा रुपयांना विकून मुलगा सांगतो, 'दीडशें रुपये नफा!' चुरमुरे, फरसाण, चिंच, कांदा यांचे एकशें वीस वजा केले कीं त्याचे तीस उरतात. 'आणि कांदा कोणी चिरला?' असें मग हळूच विचारावें. आईच्या श्रमाची किंमत हिशेबांत येत नाहीं, हें मुलांना चटकन् उमगतें.

तालीम कशी घ्यावी? स्वयंसेवकानें आधीं एक अख्खी सकाळ त्याच वर्गांत गप्प बसून काढावी. नंतर दोनदां सहकाऱ्यांपुढें पाठ घ्यावा; सहकाऱ्यांनीं मुलें होऊन भलतेसलते प्रश्न विचारावे. चौथीपर्यंतच्या मुलाला शेकडेवारी आलेली नसते, तेव्हां व्याजाचा दर सांगण्याच्या भरीस पडूं नये. 'बजेट' म्हणण्यापेक्षां 'महिन्याचा हिशेब' म्हणावें. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः बचत खातें चालवूं देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें बँकांना दिली आहे. २०१४ नंतर २०२५ मध्यें तशा सूचना पुन्हां निघाल्या. परंतु बँकेंतील स्वयंसेवकानें खातें उघडण्याचे अर्ज वर्गांत आणूं नयेत. ज्यानें एकदां अर्ज वांटला, त्याच्या पुढच्या पाठाकडे पालक विक्रेत्याचा पाठ म्हणूनच पाहतील.

एक प्रश्न हमखास येतो, त्याचें उत्तर घरूनच तयार करून न्यावें. 'बँक बुडाली तर?' येथें 'बुडत नाहीं' असें म्हणूं नये. आपल्या प्रांतांत ज्यांच्या घरचे पैसे अडकले अशीं मुलें वर्गांत असूं शकतात. विमा असलेल्या एका बँकेंत एका ठेवीदाराच्या पांच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचें संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. सहकारी बँकांनाही हा विमा असतो, पण पतसंस्थेंतील ठेवीला तो नाहीं. मुलांसाठीं हें दोन वाक्यांत सांगावें, आणि पाटीवर आकडा लिहून पुढें जावें.