कुसळ, उंदीर आणि तीरचिमणी

दक्षिण जॉर्जिया बेट दिसायला अजून एक दिवस असतो, तेव्हाच जहाजावर साफसफाई सुरू होते. जॅकेटचे खिसे उलटे केले जातात, पाठपिशव्यांवर व्हॅक्यूम क्लीनर फिरतो, वेल्क्रोत रुतलेली कुसळं चिमट्यानं उपसली जातात. बुटांच्या तळव्यांतली माती टोकदार काडीनं कोरून काढायची, मग जंतुनाशकात घासायची. सरकारी अधिकारी पुन्हा तपासणी करतात. कुणाला हा अतिरेक वाटला, तर त्यानं या बेटाचा इतिहास जरूर वाचावा.

फॉकलंडपासून हे बेट सुमारे १,४०० किलोमीटर पूर्वेला आहे. लांबी सुमारे १७० किलोमीटर, मधोमध हिमाच्छादित पर्वतरांग. विमानतळ नाही, हॉटेल नाही. १७७५ मध्ये कॅप्टन जेम्स कुक इथे उतरले आणि त्यांच्या मागोमाग सील मारणारे आले. १९०४ मध्ये ग्रिटविकेनला देवमाशांचं तेल काढणारी वसाहत उभी राहिली.

शिकाऱ्यांच्या जहाजांतून उंदीरही उतरले. इथली तीरचिमणी म्हणजे आपल्या माळरानांवरच्या तीरचिमण्यांची नातलग. ती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही. जमिनीलगत गवतात घरटं करणाऱ्या या पाखराची अंडी-पिल्लं उंदरांनी फस्त केली आणि बेटाच्या बहुतेक किनाऱ्यांवरून ते नाहीसं झालं. उंदीर नसलेल्या छोट्या बेटांवर काय ते तगून राहिलं.

उंदरांचा नायनाट करायच्या कामात एका गोष्टीनं मात्र साथ दिली. समुद्रापर्यंत उतरलेल्या हिमनद्या उंदरांना ओलांडता येत नव्हत्या, त्यामुळे किनाऱ्याचे वेगवेगळे कप्पे झाले होते. एकेक कप्पा स्वतंत्रपणे साफ करणं शक्य होतं. पण हिमनद्या झपाट्यानं मागे हटत होत्या. कप्पे जोडले गेले असते, तर संधीच हुकली असती. म्हणून २०११ ते २०१५ या काळात, तीन हंगामांत हेलिकॉप्टरमधून शेकडो टन विषारी आमिष टाकलं गेलं. खर्च आला सुमारे एक कोटी पौंड. नंतर प्रशिक्षित कुत्र्यांकडून शोध घेतला आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. तीरचिमणीची घरटी जुन्या किनाऱ्यांवर पुन्हा दिसू लागली.

एवढ्या खटाटोपानंतर प्रवाशाच्या मोज्यातून एक बी सांडणं किंवा जहाजाच्या दोरावरून एक गाभण उंदरीण उतरणं परवडणारं नाही.

म्हणूनच पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाला इथे माणसं उतरवता येत नाहीत, आणि एका वेळी किनाऱ्यावर शंभरापर्यंतच प्रवासी असतात. रात्री खिडक्यांचे पडदे ओढून घेतात. नाहीतर उजेडाकडे झेपावलेले समुद्रपक्षी जहाजावर आदळतात. सेंट अँड्र्यूज बेवर राजा पेंग्विनची प्रचंड वसाहत आहे. तिथे प्राण्यापासून अंतर राखायचंच, आणि पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर माणसानं मागे सरायचं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जवळच्या बर्ड आयलंडवरच्या स्कुआ पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला आणि काही किनारे बंद करावे लागले. एरवीही डिसेंबरच्या सुमारास फर सीलच्या विणीमुळे कित्येक ठिकाणी पाय ठेवायला जागा नसते. जहाज निवडतानाच प्रवाशानं हे धरून चालावं, आणि ठरलेला किनारा रद्द झाला तर मार्गदर्शकाच्या मागे लागू नये.