आतड्यातले विषाणू आणि आतड्याचा दाह

विषाणू म्हटला की देवी, कांजिण्या, पोलिओ, नाहीतर परवाचा कोरोना आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पण धडधाकट माणसाच्या आतड्यातही विषाणूंची कायमची वस्ती असते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे! यांपैकी बहुतेक विषाणू माणसाच्या पेशींना शिवत नाहीत. आतड्यात जे जिवाणू राहतात, त्यांच्यावर ते जगतात. म्हणून त्यांना जिवाणूभक्षक म्हणतात. फेलिक्स द'हेरेल या शास्त्रज्ञाने १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. रक्ती आवेच्या रोग्यांचा मळ त्याने अतिशय बारीक गाळणीतून गाळला. त्या गाळलेल्या पाण्यात जिवाणू उरला नव्हता, तरी ते आवेच्या जंतूंचा फडशा पाडीत होते.

आवेसारखाच दिसणारा, पण मुळात निराळा असा एक आजार आहे. पोटात मुरडा येतो, शौचावाटे रक्त पडते, वजन घटते. मध्ये बरे वाटते आणि दुखणे पुन्हा उलटते. साध्या आवेत बाहेरून आलेला जंतू अपराधी असतो. येथे शरीराची राखण करणारी फौजच स्वतःच्या आतड्यावर चालून जाते. हा दाह मोठ्या आतड्यापुरता असला तर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. दुसरा प्रकार क्रोन्सचा. तो पचनमार्गात कोठेही होतो. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले.

अशा रोग्यांच्या आतड्यातले विषाणू तपासले तर? अमेरिका आणि इंग्लंडमधील रोग्यांची अशी तपासणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. जिवाणूंच्या जाती कमी झालेल्या आणि जिवाणूभक्षकांच्या वाढलेल्या आढळल्या. मात्र येथे घाई करू नये. पूर आला की पाणी गढूळ होते, म्हणून गढूळपणाने पूर आला असे आपण म्हणत नाही. विषाणूंतला बदल हे आजाराचे कारण की परिणाम, हे नुसत्या मोजदादीने ठरत नाही.

त्यासाठी उंदरांवरचा एक प्रयोग पाहावा लागेल. तो अमेरिकेतील सेंट लुईस येथे झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. क्रोन्सशी संबंध असलेले एक जनुक या उंदरांत दुबळे केलेले होते. त्यांच्या आतड्याच्या अस्तरातील, जंतुनाशक द्रव्ये सोडणाऱ्या पेशी बिघडलेल्या दिसत. पुढे हीच जात अधिक स्वच्छ जागेत वाढवली, आणि काय आश्चर्य, पेशी ठीकठाक! जनुक तर तेच होते. शोध घेता कळले की जुन्या जागेतल्या उंदरांत एक साधा नोरोव्हायरस होता, नव्या जागेत तो नव्हता. तो मुद्दाम दिला तेव्हा बिघाड परत आला. त्यावर आतड्याला इजा करणारे एक रसायन दिले, तेव्हा क्रोन्सशी मिळतीजुळती लक्षणे उमटली. आणि प्रतिजैविके देऊन जिवाणू हटवले, तेव्हा ती आवरली. म्हणजे जनुक, विषाणू, इजा आणि जिवाणू असे चौघे जमले तेव्हा दुखणे झाले. एकट्याच्या हातून ते झाले नसते. हे कमकुवत जनुक घेऊन जन्मलेली पुष्कळ माणसे जन्मभर निरोगी राहतात, ती का, याचा थोडा उलगडा येथे होतो.

याच विषाणूची दुसरी बाजूही ऐका. जन्मापासून निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांचे आतडे अशक्त राहते. त्यांना हाच नोरोव्हायरस दिला, तेव्हा आतड्याची ठेवण बरीचशी सुधारली. हा प्रयोग २०१४ सालचा. तेव्हा विषाणूला सरसकट चोर ठरवणे बरे नव्हे. घर कोणाचे आहे, तेही पाहावे लागते.

मग विषाणूच औषध म्हणून देता येतील काय? दाह वाढवणाऱ्या क्लेब्सिएला या जिवाणूवर सोडण्यासाठी पाच भक्षकांचे मिश्रण तयार झाले. उंदरांत त्याने दाह कमी केला. निरोगी माणसांना ते सोसते काय, हेही पाहिले गेले. ही हकीकत २०२२ सालची. पण दवाखान्यात मिळणारे औषध ते झालेले नाही. कोणी तसे सांगून बाटली विकू लागला, तर घेऊ नये.

आणि एक गोष्ट आपल्याकडची. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स बाहेरून इतके सारखे दिसतात की जाणत्या डॉक्टरांचीही गफलत होते. क्रोन्सची काही औषधे शरीराची फौज आवरतात. पोटात क्षय दडलेला असला, तर त्याच औषधांनी तो बळावतो. म्हणून शौचावाटे आठवडेच्या आठवडे रक्त जात असेल, ताप येऊन वजन उतरत असेल, तर आवेच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. मोठ्या इस्पितळात दुर्बिणीने आतडे पाहून त्याचा बारीकसा तुकडा तपासतात. ही तपासणी औषध सुरू होण्यापूर्वी व्हावी.