जुळ्या फोटॉनांची साक्ष

या रे सगळे, जवळ बसा. आज उजेडाची एक खोड सांगतो.

आपल्याला उजेड सलग दिसतो, पण तो येतो कणाकणाने. त्या कणाला म्हणतात फोटॉन. आणि हे फोटॉन कधीच रांगेत, शिस्तीत येत नाहीत. समजा, एका लेसरमधून क्षणाला सरासरी 10,000 फोटॉन निघतात. तर या क्षणी 10,080 येतील, पुढच्या क्षणी 9,910. लेसर कितीही उत्तम करा, हा चढउतार काही जात नाही. त्याचं मापसुद्धा निसर्गानेच ठरवून दिलंय: सरासरीचं वर्गमूळ. दहा हजारांचं वर्गमूळ शंभर, म्हणजे मोजणी शंभरेक कणांनी इकडेतिकडे होणारच. याला शास्त्रज्ञ शॉट नॉईज म्हणतात.

आमची धाकटी विचारेल, "मग बिघडलं काय, आजोबा?" ऐक. एखादी वस्तू किती उजेड गिळते, त्यावरून तिच्यात काय आहे ते कळतं. दवाखान्यात बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन पाहतात ना, तो याच रीतीने. आता समज, एक पातळ पापुद्रा शंभरातले दोनच फोटॉन गिळतो. दहा हजार पाठवले की दोनशे कमी व्हायचे. पण चढउतारच शंभराचा! मग ते दोनशे खरे मानायचे कसे?

शंभरपट उजेड टाकला तर भागतं. घट 20,000 आणि चढउतार फक्त 1,000. पण पापुद्र्याच्या जागी जिवंत पेशी असेल, तर एवढ्या उजेडाने तिलाच इजा व्हायची.

इथे निसर्गाचं दुसरं नवल कामाला येतं. काही स्फटिकांमध्ये जांभळा फोटॉन शिरला की, फार क्वचित, तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी निम्म्या ऊर्जेचे दोन जन्मतात. 405 नॅनोमीटरच्या एकापासून 810 नॅनोमीटरचे दोन, डोळ्यांना न दिसणारे. ही भावंडं एकाच वेळी जन्मतात, हे 1970 मध्ये अमेरिकेत बर्नहॅम आणि वाइनबर्ग यांनी दाखवलं.

देवळाबाहेर चपला ठेवताना जोडीचे बिल्ले असतात ना? एक चपलेला, एक तुमच्या हातात. हातात बिल्ला आहे आणि चप्पल नाही, म्हणजे ती नक्की गेली. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न इथल्या जेकमन आणि रॅरिटी यांनी 1986 मध्ये नेमकी हीच युक्ती सुचवली. एक जुळा थेट मोजायचा, दुसरा वस्तूतून पाठवायचा. पहिला साक्ष देतो की दुसरा निघाला होता. किती निघाले, हा संशयच संपला! आता कोणता फोटॉन गिळला जाईल, एवढाच दैवाचा भाग उरतो. आपल्या पापुद्र्यापुरतं पाहिलं तर तो चढउतार चौदाच्या आसपास. कुठे शंभर आणि कुठे चौदा! हे गणित मला अजूनही फार सुंदर वाटतं.

पण चौदाचा आकडा कधी? एकही जुळा भलतीकडे हरवला नाही, तरच. आरशात मुरला, मोजणाऱ्या यंत्राकडून निसटला, तर तोही वस्तूनेच गिळल्यासारखा दिसतो आणि फायदा झपाट्याने आटतो. म्हणून तर सुचलेलं पूर्णपणे साधायला इतका काळ गेला. 2010 मध्ये इटलीतल्या तुरीनच्या शास्त्रज्ञांनी जुळ्या उजेडाने शॉट नॉईजच्या खालचं चित्र टिपलं. 2017 मध्ये ब्रिस्टलमध्ये शोषणाचं थेट मापन असं झालं की तेवढेच फोटॉन वापरून साध्या उजेडाला ते जमलंच नसतं.

जिथे भरपूर उजेड चालतो, तिथे हा खटाटोप कशाला? साधा लेसरच बरा. पण जिथे थोड्याच फोटॉनांत काम उरकायचं असतं, तिथे जुळ्यांना तोड नाही. तुमच्यापैकी कुणी पुढे प्रयोगशाळेत गेलात, तर कमी फोटॉन हरवणारा आरसा नाहीतर मोजयंत्र घडवा, बाळांनो. खरी अडचण आज तिथेच आहे.