बिझनेस इंटेलिजन्स प्रणालीचे स्थलांतर : अहवालांचे की अर्थाचे?

प्रस्तावना :

आजच्या माहिती तंत्रज्ञानाच्या युगात कंपनीचा कारभार केवळ अनुभवावर आणि अंदाजावर चालत नाही. विक्री, साठा, वसुली, उत्पादनखर्च यांविषयीचे निर्णय रोज समोर येणाऱ्या अहवालांच्या आधारे घेतले जातात. विखुरलेल्या नोंदींतून असे अहवाल तयार करणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस बिझनेस इंटेलिजन्स प्रणाली असे म्हणतात. ही प्रणाली कालबाह्य झाली की नवीन प्रणाली स्वीकारावी लागते. हे काम तांत्रिक समजून संगणक विभागाकडे सोपविले जाते. परंतु अशा स्थलांतरात अहवालांपेक्षा आकड्यांचा अर्थ हलवणे अधिक कठीण असते. प्रस्तुत लेखात बिझनेसऑब्जेक्ट्स या प्रणालीकडून पॉवर बीआय या प्रणालीकडे होणाऱ्या स्थलांतराचे उदाहरण घेऊन या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :

‘बिझनेस इंटेलिजन्स’ ही संज्ञा संगणकाच्या संदर्भात हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये आयबीएमच्या नियतकालिकातील लेखात वापरली. त्यानंतर 1970 मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची मांडणी केली आणि नोंदी तक्त्यांत साठवण्याची पद्धत रूढ झाली. मात्र हे तक्ते सामान्य व्यवस्थापकास वाचता येत नसत. फ्रान्समध्ये 1990 साली स्थापन झालेल्या बिझनेसऑब्जेक्ट्स कंपनीने ही अडचण ‘युनिव्हर्स’ या कल्पनेने सोडवली. युनिव्हर्स म्हणजे डेटाबेस आणि वापरणारा यांच्यामधील अर्थस्तर होय. ‘निव्वळ विक्री’ हा शब्द निवडला की कोणते तक्ते जोडायचे, कोणती रक्कम वजा करायची, हे युनिव्हर्स ठरवते.

2007 हे वर्ष या क्षेत्रात उलथापालथीचे ठरले. ओरॅकलने हायपेरियन विकत घेतली. एसएपीने बिझनेसऑब्जेक्ट्सच्या आणि आयबीएमने कॉग्नॉसच्या खरेदीची घोषणा केली. हे दोन्ही व्यवहार 2008 मध्ये पूर्ण झाले. पुढे 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवर बीआय सर्वांसाठी खुले केले.

स्थलांतराची कारणे :

स्थलांतर नेहमी हौसेने होते असे नाही. बिझनेसऑब्जेक्ट्सच्या 2011 मधील 4.0 आवृत्तीत डेस्कटॉप इंटेलिजन्स हे जुने साधन वगळले गेले. त्यामुळे त्यातील अहवाल वेब इंटेलिजन्समध्ये रूपांतरित करणे भाग पडले. झेल्सियस या साधनाने तयार केलेले डॅशबोर्ड फ्लॅशवर अवलंबून होते. अ‍ॅडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि चांगले चालणारे हे डॅशबोर्ड ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. परवान्याचा खर्च, जुनी प्रणाली जाणणाऱ्या मनुष्यबळाची टंचाई, क्लाउडकडे वाटचाल ही अन्य कारणे होत.

आकड्यांचा अर्थ कोठे निसटतो?

हा प्रश्न महाविद्यालयातील परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका वर्गात 120 विद्यार्थी नोंदलेले आहेत, 100 परीक्षेस बसले व 60 उत्तीर्ण झाले. निकाल नोंदलेल्यांच्या तुलनेत 50 टक्के, तर बसलेल्यांच्या तुलनेत 60 टक्के लागतो. दोन्ही गणिते बरोबर आहेत. प्रश्न आहे तो ‘निकाल’ या शब्दाच्या व्याख्येचा. कंपनीच्या अहवालांत अशा शेकडो व्याख्या दडलेल्या असतात. युनिव्हर्समधील व्याख्या पॉवर बीआयच्या प्रारूपात डॅक्स या सूत्रभाषेत नव्याने लिहाव्या लागतात. त्या वेळी पुढील ठिकाणी अर्थ निसटतो.

1) सरासरी : एका शाखेत सरासरी 100 रुपयांच्या 10 मागण्या आणि दुसऱ्या शाखेत सरासरी 200 रुपयांच्या 90 मागण्या आल्या. दोन सरासरींची सरासरी 150 रुपये येते, परंतु सर्व मागण्यांची खरी सरासरी 190 रुपये आहे. जुना अहवाल यांपैकी कोणती दाखवीत होता, हे सूत्र उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

2) रिकामी नोंद : डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत अज्ञात मूल्यात 5 मिळवले तर उत्तर अज्ञातच राहते. डॅक्समध्ये रिकाम्या मूल्यात 5 मिळवले तर उत्तर 5 येते. एकच सूत्र शब्दशः उतरवले तरी निष्पत्ती बदलते.

3) तक्त्यांची जोडणी : एका मागणीचे वाहतूक भाडे 500 रुपये असून तिच्यात तीन वस्तू आहेत. मागणी व वस्तू यांचे तक्ते निष्काळजीपणे जोडले तर 500 रुपये तीनदा मोजले जाऊन भाडे 1500 रुपये दिसते. युनिव्हर्सच्या जाणकार रचनाकाराने ही काळजी आधीच घेतलेली असते. नवीन प्रारूपात ती पुन्हा घ्यावी लागते.

4) कालगणना : भारतीय कंपनीचे आर्थिक वर्ष 31 मार्च रोजी संपते. डॅक्समधील वर्षारंभापासूनची बेरीज करणारे सूत्र, वेगळी सूचना न दिल्यास, वर्ष 31 डिसेंबरला संपते असे धरते. तसेच 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वीची विक्री करासह धरली आणि नंतरची कराविना, तर आलेखातील घट ही व्यवसायाची नसून व्याख्येची असते.

5) अधिकार : कोणी कोणत्या विभागाचे आकडे पाहावेत, हेही स्थलांतरित करावे लागते. पॉवर बीआयच्या सेवेत ओळनिहाय निर्बंध केवळ पाहण्याचा अधिकार असलेल्यांना लागू होतात. ज्यांना कार्यक्षेत्रात संपादनाचा अधिकार दिला, त्यांना सर्व ओळी दिसतात. सोयीसाठी दिलेला अधिकार अशा रीतीने गोपनीयतेचा भंग करू शकतो.

स्थलांतराची पद्धत :

प्रथम अहवालांची यादी करून त्यांचा प्रत्यक्ष वापर तपासावा. जुन्या प्रणालीतील लेखापरीक्षण नोंदी येथे उपयोगी पडतात. मात्र किमान बारा महिन्यांच्या नोंदी पाहाव्यात, अन्यथा केवळ मार्चअखेर लागणारा अहवाल ‘निरुपयोगी’ ठरून वगळला जाईल. दुसऱ्या टप्प्यात महत्त्वाच्या संज्ञांचा कोश करून प्रत्येक व्याख्येची जबाबदारी संबंधित विभागातील एका अधिकाऱ्याकडे द्यावी. हे काम संगणकतज्ज्ञाचे नव्हे. ‘निव्वळ विक्री’ म्हणजे काय, हे विक्री व लेखा विभागांनीच ठरवावयाचे असते.

त्यानंतर नवीन प्रारूप उभारून दोन्ही प्रणाली काही काळ समांतर चालवाव्यात. या काळात निदान एक महिनाअखेर व शक्यतो एक तिमाहीअखेर यावी. तुलना केवळ एकूण बेरजेची करू नये. एका शाखेतील वाढ व दुसरीतील घट परस्परांना झाकतात आणि बेरीज मात्र जुळते. म्हणून शाखा, महिना व वस्तू या पातळ्यांवर पडताळणी आवश्यक आहे.

फरक आढळल्यास नवीन प्रणालीच चुकली, असे गृहीत धरणे योग्य नाही. पुष्कळदा जुन्या अहवालातील वर्षानुवर्षांची चूक अशा तुलनेतूनच उघड होते. अशा वेळी आकडा गुपचूप जुळवून घेण्याचा मोह टाळावा. फरकाचे कारण लिहून ठेवावे आणि व्याख्येच्या जबाबदार अधिकाऱ्याची संमती घ्यावी. शेवटी जुनी प्रणाली बंद करण्याची तारीख जाहीर करावी. दोन प्रणाली दीर्घकाळ चालू राहिल्या तर प्रत्येक विभाग आपल्या सोयीचा आकडा घेऊन बैठकीस येतो.

समारोप :

नवीन प्रणालीतील अहवाल अधिक आकर्षक दिसतात आणि जलद उघडतात. परंतु चुकीचा आकडा आकर्षक स्वरूपात आला म्हणजे तो अधिक विश्वसनीय वाटतो, हा खरा धोका आहे. कोणत्या मालाचे उत्पादन थांबवावे, कोणती शाखा बंद करावी, कोणाचा करार नूतनीकृत करू नये, हे निर्णय त्याच आकड्यांवर होतात आणि त्यांचे परिणाम माणसांना भोगावे लागतात. वाणिज्य व संगणकशास्त्र या विषयांच्या अध्यापनात साधनांचा सराव आपण आवर्जून करून घेतो. त्यासोबतच एखादा आकडा समोर आला असता तो कशाला भागून, काय वगळून व कोणाच्या व्याख्येने आला, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे अगत्याचे आहे. साधने दहा-पंधरा वर्षांत बदलतात. ही सवय मात्र प्रत्येक स्थलांतरात उपयोगी पडते.