ताऱ्यांचे टिपणकार

जून १९१८ मधील गोष्ट आहे. बंगालमधील जेसोर शहरानजीकच्या बागचर या खेड्यात राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ रात्री आकाश न्याहाळीत होते. गरुड तारकासमूहात, जेथे पूर्वी डोळ्यांना काही दिसत नसे तेथे, त्यांना एक ठळक तारा दिसला. तो नवतारा होता. विसाव्या शतकात दिसलेल्या नवताऱ्यांमध्ये तोच सर्वांत तेजस्वी ठरला.

चंद्र हे शास्त्रज्ञ नव्हते. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत त्यांना यश आले नव्हते. सरकारी खजिन्यातील साध्या नोकरीवर त्यांचा प्रपंच चाले. १९१० साली हॅलेचा धूमकेतू पाहून त्यांचा आकाशाचा छंद वाढला आणि पदरमोड करून त्यांनी तीन इंची दुर्बीण मिळविली. नवताऱ्याचे निरीक्षण त्यांच्या वहीतच राहिले असते. पण त्यांनी ते अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेस कळविले आणि त्यातून एका मोठ्या मंडळाशी त्यांचा संबंध जुळला.

कित्येक ताऱ्यांचे तेज सारखे कमीजास्त होत असते. त्यांस रूपविकारी तारे म्हणतात. तिमिंगल समूहातील मायरा हा तारा सुमारे अकरा महिन्यांत एकदा तेजस्वी होतो आणि मग इतका फिका पडतो की, नुसत्या डोळ्यांना तो दिसेनासा होतो. असे तारे हजारो आहेत. वेधशाळेतील मूठभर शास्त्रज्ञांनी प्रत्येकावर रोज पहारा कसा ठेवावा? शिवाय एका ठिकाणी ढग येतात, तर दुसरीकडे दिवस उगवलेला असतो. म्हणून १९११ साली विल्यम ऑल्कॉट या वकिलाने अमेरिकेत रूपविकारी ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांची संघटना उभारली. अमेरिकेत सूर्य तळपत असता बागचरमध्ये रात्र असे. चंद्रांच्या टिपणांचे मोल यातच होते. त्यांनी सदतीस हजारांहून अधिक निरीक्षणे पाठविली. १९२६ मध्ये संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठविली. तीच पुढे वेणू बाप्पू या थोर खगोलशास्त्रज्ञांकडे आणि नंतर तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत गेली.

या कामाची रीत फार कठीण नाही. ज्यांचे तेज ठाऊक आहे व बदलत नाही असे दोन तारे निवडावयाचे. एक पाहावयाच्या ताऱ्याहून किंचित तेजस्वी, दुसरा किंचित फिका. मग तो तारा या दोहोंमध्ये कोठे बसतो हे ठरवून अंक लिहावयाचा. तारीख आणि वेळ मात्र अचूक हवी. वेळ न लिहिलेले निरीक्षण कितीही चांगले असले तरी व्यर्थ.

मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबूस तारा याला सोयीचा आहे, कारण त्याला दुर्बीण लागत नाही. एरवी तो बहुधा रोहिणीहून तेजस्वी दिसतो. २०१९ सालच्या अखेरीस तो फिका पडू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रोहिणीहूनही मंद झाला. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी त्याची ही उतरण रात्रीमागून रात्र टिपली. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन तिने प्रकाश अडविला, असे शास्त्रज्ञांनी पुढे अनुमान केले.

आता टिपणे टपालाने पाठवावी लागत नाहीत. निरीक्षकाने संघटनेकडून आपली सांकेतिक अक्षरे घेतली की संगणकावरून ती तत्काळ पोहोचतात. पण डोळा तयार होतो तो जाणत्यांच्या सहवासात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करीत आहे. मुंबईचे खगोल मंडळ शहराच्या झगमगाटापासून दूर, वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभर आकाशदर्शन घडविते. अशा ठिकाणी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांसह जावे हे उत्तम; रात्री थंडी चांगलीच बोचते, तेव्हा घोंगडीही असावी.

नवख्याने प्रथम नक्षत्रे ओळखावयास शिकावे. दुर्बिणीची घाई नसावी. पुढे तो काक्षीचे तेज मोजू लागतो, तेव्हा त्याचा अंक शेजाऱ्याच्या अंकाशी पुष्कळदा जुळत नाही. अशा वेळी अंक खोडून शेजाऱ्याचा लिहिण्याचा मोह होतो. जाणता निरीक्षक त्याला तसे करू देत नाही. आपल्या डोळ्यांस जे दिसले तेच, वेळेसह, वहीत राहते.