दादाचं अपग्रेड आणि ओहमचा नियम

सुरुवातीलाच एक कबुली देते. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होते, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आणि माझं कधी फारसं जमलं नाही. हा लेख आईने तपासला आहे. तरी चुका सापडल्याच तर माझ्या नावावर लिहा, आईच्या नको.

तर झालं असं. माझा मावसभाऊ २०१७ पासून इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. आमच्या घरात सगळ्यांचा तो दादा. आपल्याच वयाचा असताना कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवर त्याने पहिली सिगरेट ओढली. मग एकाच्या पाच झाल्या, पाचाचं अख्खं पाकीट झालं. मावशी रडली, काकांना हार्ट अटॅक आला, डॉक्टरांनी काकांची सिगरेट बंद केली, पण दादाची काही बंद होईना. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली आणि तेव्हा मात्र त्याने मनावर घेतलं.

तिकडे सिगरेट सोडायला मदत करणारी सरकारी केंद्रं आहेत. इंग्लंडमध्ये २०२३ साली एक योजनाही जाहीर झाली, सिगरेट ओढणाऱ्यांना व्हेपचा सुरुवातीचा संच फुकट देऊन सिगरेट सोडायला लावायची. दादाला असाच एक पेनाएवढा संच मिळाला. साडेतीन महिने त्याने एकही सिगरेट ओढली नाही. आणि मग एका शुक्रवारी रात्री त्याचा मला फोन आला.

"अगं, तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? हे माझं पेन दुपारी चारला मान टाकतं. काल ऑफिसखाली एका मित्राकडून सिगरेट मागून घेतली होती, पेटवता पेटवता थांबलो. आता जरा दमदार काहीतरी घ्यायचंय. एक जण जुना मॉड स्वस्तात देतोय. फोटो पाठवू?"

फोटो आला. पितळेची जाडजूड नळी, आत एक सेल, खाली एक बटन, बस. ना स्क्रीन, ना सर्किट. याला मेकॅनिकल मॉड म्हणतात. सोबत ०.१५ ओहमची कॉइल फुकट! दादा खूश. मी मात्र वही काढली.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर संपादक मंडळ माझ्या नावाने शंख करेल. आपल्या देशात ई-सिगरेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळंच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विक्रीसाठी साठा केला तरी शिक्षा आहेच. तेव्हा हा लेख म्हणजे खरेदीची यादी नव्हे. शिवाय व्हेप निरुपद्रवी नाही आणि निकोटिनची सवय लागते, हे इंग्लंडची आरोग्यसेवाही सांगते. त्यांचं म्हणणं एवढंच, की जो आधीच सिगरेट ओढतो त्याला ती सोडायला याचा उपयोग होतो. जो ओढत नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

आत असतं तरी काय?

व्हेप उघडलं तर आत चारच गोष्टी असतात: सेल, तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, कापसाची वात आणि द्रव. बटन दाबलं की कॉइल तापते, वातीतला द्रव वाफ होऊन बाहेर येतो. जळत काही नाही, म्हणून धूर नाही. गिझरचं कॉइल आणि देवघरातली निरांजनाची वात यांचं लग्न लावलं तर जे होईल, ते हे!

द्रवात मुख्यतः दोन पदार्थ असतात. प्रोपिलीन ग्लायकॉल, जे १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि ग्लिसरीन, जे २९० अंशांना उकळतं. ग्लिसरीन मधासारखं घट्ट, वाफ जास्त देतं. प्रोपिलीन ग्लायकॉल पातळ, वातीत पटकन मुरतं. वात ओली आहे तोवर द्रव उकळताना उष्णता घेत राहतो आणि कॉइल आटोक्यात राहते. वात सुकली की तापमान एकदम चढतं, कापूस करपतो आणि द्रवाचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइडसारखी घातक रसायनं तयार होतात. घसा जाळणारा झुरका लागला तर "जाऊ दे" म्हणायचं नाही, थांबायचं.

आता ओहमचा नियम

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये सगळ्यात सोपे मार्क म्हणून आपण जो नियम पाठ केला, तोच इथे कामाला येतो. करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स.

१८६५० नावाचा लिथियम सेल तुम्ही पाहिला असेल. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हेच असतात. पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट. दादाच्या पेनातली कॉइल १.२ ओहमची. म्हणजे करंट साडेतीन अँपियर, पॉवर साधारण पंधरा वॅट. ठीक आहे.

आता त्या पितळी नळीत ०.१५ ओहम बसवा. ४.२ भागिले ०.१५ म्हणजे २८ अँपियर! घरी गिझरचा मोठा प्लग असतो ना, तो १६ अँपियरचा. इथे अंगठ्याएवढा सेल, तोही तोंडापासून चार बोटांवर.

"अगं, पण व्होल्टेज तर चारच आहे," दादा म्हणाला. बरोबर आहे, शॉक बसणार नाही. पण सेलला स्वतःचाही रेझिस्टन्स असतो. तो २० मिलिओम धरला, तर एकूण ०.१७ ओहम होतात आणि करंट २५ च्या आसपास येतो. सेलच्या आत तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले हा आतला रेझिस्टन्स. आधीच्या पेनात हे उत्तर पाव वॅट येतं. नव्या नळीत साडेबारा वॅट. करंट सातपट, पण उष्णता पन्नासपट! वर्गाची गंमत ती हीच. आपल्या लॅबमधला सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचा असतो. त्याच्या निम्मी उष्णता एका बंद डब्यात, आणि त्या डब्यात पेट घेणारा द्रव. कल्पना करा.

चांगला १८६५० सेल सलग २० ते ३० अँपियर देऊ शकतो, म्हणजे दादाचा बेत काठावरचा. त्यात मित्र जो सेल देणार होता तो होता जुन्या लॅपटॉपमधला. लॅपटॉपचे सेल जास्त वेळ टिकण्यासाठी बनवतात, एवढ्या करंटसाठी नाही. एकाच आकाराच्या सेलमध्ये जास्त क्षमता हवी असेल तर करंट देण्याची ताकद सहसा कमी होते. दोन्ही हातात लाडू मिळत नाहीत.

आणि बटन अडकलं तर? कॉइल शॉर्ट झाली तर? मेकॅनिकल मॉडमध्ये थांबवणारं कोणी नाही. सेल बिघडला आणि नळीला वायू बाहेर पडायला पुरेशी भोकं नसली, तर तिचा अक्षरशः पाइप बॉम्ब होतो. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये व्हेपचा स्फोट होऊन माणसं गेली आहेत. हे सांगितल्यावर फोनवर जरा वेळ शांतता होती. मग मागून बाळाचं रडणं ऐकू आलं.

मग चांगलं अपग्रेड कोणतं?

ज्याच्यात सर्किट आहे ते. त्याला रेग्युलेटेड म्हणतात. आतला बोर्ड आधी कॉइलचा रेझिस्टन्स मोजतो. फारच कमी निघाला तर शॉर्ट समजून चालूच होत नाही. सेल ४.२ वरून उतरत गेला तरी कन्व्हर्टर वापरून वॅट तेवढेच ठेवतो. सेल फार उतरला की बंद करतो आणि बटन अडकलं तर काही सेकंदांनी स्वतःच कापतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या लेक्चरला "याचा उपयोग काय?" असं कुजबुजणाऱ्या शेवटच्या बाकाला हे उत्तर!

काही मॉडमध्ये तापमानही ठरवता येतं, आणि तेही थर्मामीटर न लावता. धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, हा प्रयोग आपण फिजिक्स लॅबमध्ये केलाय (म्हणजे काहींनी केलाय, बाकीच्यांनी रीडिंग्ज छापलीत). निकेल, टायटॅनियम, स्टेनलेस स्टील यांत ही वाढ मोजता येते. कँथलच्या तारेत ती जवळजवळ होतच नाही, म्हणून तिथे ही सोय चालत नाही. दादाला याची गरजच नव्हती, तेव्हा तो खर्च वाचला.

सगळे विसरतात ती गोष्ट

ती म्हणजे द्रव. दादाकडे एका मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम निकोटिनचा द्रव होता. ब्रिटनमध्ये कायद्याने याहून जास्त चालत नाही. छोट्या पेनात दिवसाला समजा २ मिलिलीटर संपतो, म्हणजे ४० मिलिग्रॅम निकोटिन. मोठं यंत्र आणलं, वॅट वाढवले, द्रव दिवसाला १० मिलिलीटर संपायला लागला आणि बाटली तीच राहिली, तर झाले २०० मिलिग्रॅम! सगळं शरीरात जात नाही हे मान्य, पण पाचपट ते पाचपटच. चक्कर, मळमळ, डोकेदुखी. म्हणून मोठ्या वाफेच्या यंत्रात ३ किंवा ६ मिलिग्रॅमचा द्रव वापरतात.

मी दादाला विचारलं, "तुला ढग काढायचेत की सिगरेट सोडायचीय?" प्रश्न जरा आगाऊ होता, पण तो रागावला नाही. म्हणाला, "सोडायचीय गं."

मग यादी सोपी झाली. पेनापेक्षा मोठी बॅटरी, म्हणजे संध्याकाळपर्यंत टिकेल. आत सर्किट. एक ओहमच्या आसपासची बदलता येणारी कॉइल, पंधरा ते वीस वॅट. झुरका सिगरेटसारखा घट्ट, आधी तोंडात मग छातीत. द्रव दोन्ही घटक निम्मे-निम्मे असलेला, कारण घट्ट द्रव छोट्या कॉइलच्या वातीत नीट मुरत नाही. नवी कॉइल बसवली की द्रव भरून थोडा वेळ थांबायचं, वात भिजू द्यायची. आणि घ्यायचं ते नोंदणी झालेलं, दुकानातून, पावतीसकट. वापरून फेकायच्या व्हेपवर तर ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून बंदीच आहे.

गंमत बघा. ज्याला तो अपग्रेड समजत होता ते ११७ वॅटच्या हिशेबाचं, आणि जे खरं अपग्रेड निघालं ते पेनापेक्षा जेमतेम पाच वॅट जास्त. आपण कंप्युटर घेतानाही हेच करतो. आकडा मोठा दिसला की हात पुढे जातो. पण आकडा कशासाठी हवाय, हे कोणी विचारत नाही.

दादाने नवीन यंत्र घेतलं त्याला आता चार महिने झाले. सिगरेट शून्य. द्रव २० वरून १० मिलिग्रॅमवर आलाय. घाईने कमी केलं तर तल्लफ परत सिगरेटकडे नेते, म्हणून बेताबेताने चाललंय. शेवटचं अपग्रेड म्हणजे ते यंत्रही कपाटात जाणं, असं मी त्याला सांगून ठेवलंय. तो "हो मॅडम" म्हणतो. मावशी रोज देवापुढे दिवा लावते, मी रोज मेसेज टाकते. दोन्हींपैकी कशाचा उपयोग होतोय, देव जाणे!

जाता जाता आपल्यासाठी एक. व्हेप नसलं तरी हे सेल आपल्याकडे आहेतच. प्रोजेक्टला, रोबोला, घरगुती पॉवर बँकला आपण जुन्या लॅपटॉपचे सेल सर्रास वापरतो आणि किल्ल्यांबरोबर खिशात टाकतो. सेलचं अख्खं अंग निगेटिव्ह असतं, वरचं पातळ प्लास्टिक फाटलं आणि किल्ली दोन्हीकडे टेकली की शॉर्ट झालाच समजा. एक प्लास्टिकची डबी घ्या. आणि टपरीवर कोणी पहिली सिगरेट पुढे केली, तर माझ्या दादाची आठवण काढा. पहिली घ्यायला त्याला एक मिनिट लागलं होतं. सोडायला बारा वर्षं, एक मुलगी आणि ओहमचा नियम लागला.