मुरमाची वाट आणि साठ पावलं

तुमच्यापैकी किती जणांना सायकल येते? बहुतेक सगळ्यांनी हात वर केले असणार! आता दुसरा प्रश्न. डांबर नसलेल्या, मुरमाच्या घाटवाटेवर सायकल चालवता येते का? पाहा, बरेच हात खाली गेले. आज अशाच एका वाटेची हकीकत सांगतो.

आमची शाळा बुलढाणा जिल्ह्यात, घाटाच्या अगदी काठावर आहे. शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी घाट उतरून चार किलोमीटरवरच्या गावाला जावं लागतं. सकाळी जाताना उतार, संध्याकाळी येताना चढ. दोन वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. गणितात वर्गात पहिली येणारी पोरगी. म्हणाली, "सर, मी आठवीत नाही जात. तो घाट मले जमत नाही. चढावर दम लागते अन् उतारावर भेव वाटते."

मला पटकन उत्तर सुचेना. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. पण सायकल मिळाली तरी वाट तीच! मग आम्ही ठरवलं, घाबरायचं की नाही ते नंतर पाहू. आधी वाट ओळखून घेऊ.

आपला जिल्हा, मोठा जिना

आपल्याकडे 'तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे?' असं सर्रास विचारतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे तालुके घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. मधे अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरली आहे. घाटाखाली पूर्णा नदीचं काळ्या मातीचं खोरं आणि त्यापलीकडे जळगाव जामोद, संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा.

हे डोंगर कसे झाले ठाऊक आहे? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. तोच आपला काळा दगड, बेसॉल्ट. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजले, टणक थर कड्यासारखे उभे राहिले. म्हणून आपले डोंगर दुरून जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. या खडकाला 'ट्रॅप' असंही म्हणतात. स्वीडिश भाषेत जिन्याला 'त्रप्पा' म्हणतात, त्यावरूनच हे नाव आलं.

आणि मुरूम? तो याच दगडाचा. ऊन, पाणी, हवा यांनी दगड कुजत गेला की त्याचा भुसभुशीत, तांबूस मुरूम होतो. काळी माती पावसात चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरमातून मात्र पाणी झिरपून जातं. म्हणून खेड्यापाड्यांच्या वाटांवर मुरूम टाकतात.

दोन समुद्रांची वाट

या डोंगराची आणखी एक गंमत आहे. पैनगंगा बुलढाण्याजवळच उगम पावते. ती आग्नेयेकडे जाऊन वर्धा नदीला मिळते. ते पाणी पुढे प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात जातं. नळगंगा आणि ज्ञानगंगा मात्र उत्तरेला उतरून पूर्णेला मिळतात. पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला! म्हणजे माथ्याच्या या बाजूला पडलेला पावसाचा थेंब एका समुद्रात, त्या बाजूला पडलेला दुसऱ्या समुद्रात. घाटमाथा ओलांडणारा सायकलस्वार दोन समुद्रांमधली सीमा ओलांडतो, बरं का!

घाट मोजला

तर आमच्या वर्गाने घाट मोजायचं ठरवलं. गवंडीदादांकडून पाण्याची लांब पारदर्शक नळी आणली. नळीची दोन्ही टोकं कितीही दूर धरली, तरी आतलं पाणी एकाच पातळीत राहतं. एक जण वरच्या बाजूला, एक जण खालच्या बाजूला आणि मधे दहा मीटरची दोरी. दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजायची. दोन्ही उंचींतला फरक म्हणजे तेवढ्या अंतरातला चढ.

बहुतेक ठिकाणी दहा मीटरला चाळीस-पन्नास सेंटिमीटर चढ निघाला. म्हणजे साधारण विसास एक. एवढा चढ सावकाश पेडल मारत चढता येतो. एका वळणापाशी मात्र दहा मीटरला पूर्ण एक मीटर, दहास एक! तिथे टणक दगडाचा थर आडवा आला होता. हा उभा चढ किती लांब आहे ते आम्ही पावलांनी मोजलं. भरली फक्त साठ पावलं!

ती मुलगी आकड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सर, घाट चार किलोमीटरचा नाहीच. साठ पावलांचाच हाये."

तिने वहीत वाटेचा नकाशा काढला आणि त्या वळणावर लिहिलं, 'इथे उतरून चालायचं'. सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा कसला?

घाटरस्त्याला वळणं का असतात, तेही मुलांना इथेच समजलं. दहा मीटर उंची शंभर मीटरांत चढायची तर दहास एक. वळण घेत दोनशे मीटरांत चढली तर विसास एक. अंतर वाढतं, पण पायांवरचा जोर कमी होतो.

उताराचं शास्त्र

चढ माणसाला दमवतो, पण पाडतो तो उतार. माझ्या डाव्या कोपरावर एक व्रण आहे. लहानपणी मुरमाच्या उतारावर मी पुढचा ब्रेक एकदम दाबला होता, त्याची ही आठवण. सुट्या खड्यांवर चाकाची पकड कमी असते. पुढचं चाक घसरलं की सावरता येत नाही. म्हणून एवढं ध्यानात ठेवा:

वेग वळणाआधी कमी करा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक हळूहळू, थोडे थोडे दाबा. अंगाचा भार किंचित मागे ठेवा. उतारावर डबलसीट कधीच बसू नका. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर, चेन आणि हवा तपासा. डोक्याला हेल्मेट हवंच. पाऊस चालू असेल तर घाट सायकलवरून उतरू नका.

टायर रुंद असेल तर खड्यांवर पकड चांगली बसते. रेसच्या सायकलीचा टायर सुमारे २५ मिलिमीटर रुंद असतो, तर खडीच्या रस्त्यांसाठीच्या खास सायकलीचा सुमारे ४० मिलिमीटर. हो, अशा खास सायकली असतात! २००६ साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी ३४ जणांनी खडीच्या रस्त्यांवरून २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत केली. पुढे ही शर्यत जगभर प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. हे सांगितल्यावर आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "सर, आपला दूधवाला तं रोजच हे करते!"

मोठ्यांबरोबर जायच्या वाटा

आई-बाबांबरोबर सुट्टीत जायचं तर बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट पाहा. तो डांबरी आहे, पण वाहनांची वर्दळ असते, म्हणून भल्या सकाळी जा. बुलढाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याचं जंगल लागतं. तो ज्ञानगंगा अभयारण्याचा भाग आहे. तिथल्या आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून जास्त भटकंती करून २०१९ च्या अखेरीस याच ज्ञानगंगेत पोहोचला होता. त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याचा सगळा मार्ग कळला. तेव्हा त्या जंगलात आपण पाहुणे, हे विसरू नका.

आणि ती मुलगी?

ती आता नववीत आहे. चौघी जणी मिळून जातात. त्या वळणावर चौघीही उतरतात, साठ पावलं चालतात आणि पुन्हा पेडल मारतात. तिचा नकाशा आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. मागच्या महिन्यात ती भेटली तेव्हा म्हणाली, "सर, आता साठाची चाळीस झाली. वीस पावलं मी बसूनच चढते."

करून पाहा

तुमच्या शाळेच्या वाटेचा नकाशा काढा. चढ, उतार, खड्डे, ओढा, सावलीचं झाड, पाण्याची जागा, सगळं दाखवा. जिथे भीती वाटते तिथे लाल खूण करा आणि ती जागा किती पावलांची आहे ते मोठ्यांना बरोबर घेऊन मोजा. पालकांनो, मुलांच्या या नकाशावर एकदा नजर टाका. वाटेच्या भीतीपायी शाळा सोडायची वेळ कुणावर आली असेल, तर ती लाल खूण तुम्हाला आधी दिसेल.